एकट्याने करायचा व्यायाम

लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या ‘थांबू नका’ या दोन शब्दांमागचा लाल रंग चेतनाने काढून टाकला आणि तिथे केशरी भरून बघितला. लाल जरा अंगावर येत होता. केशरीत ते शब्द एखाद्या मंडळाच्या बॅनरवरून उचलून आणल्यासारखे वाटायला लागले. शेवटी तिने निळा केला. निळ्यात दमदाटी कमी आणि विनंती जास्त वाटत होती, तेव्हा तिने माऊस सोडला आणि चहाचा कप उचलला. चहा केव्हाच गार झाला होता.

शनिवार होता, दोघांनाही कामावर जायचं नव्हतं. मुलुंड पूर्वेच्या त्या वन बीएचकेमध्ये जेवणाचं टेबल हेच चेतनाचं घरातलं ऑफिस होतं आणि टेबलापासून चार पावलांवर बेडरूमचं दार होतं. दार बंद होतं. आतून एका पुरुषाचा उत्साही आवाज येत होता. अजून थोडं, अजून थोडं, सोडायचं नाही, असं तो कोणाला तरी बजावत होता. हा काही प्रितमचा आवाज नव्हता. प्रितमच्या मोबाइलवरच्या व्हिडिओतला तो ट्रेनर होता. चेतनाचा नवरा रोज सकाळी या माणसाबरोबर स्वतःला आत कोंडून घ्यायचा, तासाभराने बाहेर यायचा, आंघोळ करायचा आणि भांडुपच्या औषधांच्या गोदामावर कामाला निघून जायचा. गेलं दीड वर्ष हेच चाललं होतं.

दीड वर्षापूर्वी सातव्या महिन्यात त्यांचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. त्यानंतरचे दिवस चेतनाला आठवत होते, पण दुसऱ्या कोणाचे आठवावेत तसे. लोक येत होते, प्रितम दार उघडत होता, पाणी देत होता, काय झालं ते थोडक्यात सांगत होता आणि माणसं वाटेला लावत होता. महिना उलटला नाही तोच त्याने व्यायामाची मॅट मागवली. त्याची आई शकुबाई तेव्हा जालन्याहून येऊन राहिली होती. ती चेतनाच्या केसांना तेल लावता लावता म्हणाली होती, बघ माय, त्याने कसं सावरलं स्वतःला, तूही जरा अंग हलव. म्हातारी मायेनेच बोलली. चेतनाला मात्र वाटलं, आपण एकट्याच मागे राहिलो. नवरा पुढे निघून गेला, तोही नवी कोरी मॅट काखोटीला मारून.

तिला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, दोन भांडी आपटली असती, काहीतरी बाहेर पडलं असतं. पण तिला रागही येत नव्हता आणि रडूही येत नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं झालं होतं, फक्त पायापुरतं नाही. दूध आणलं का, सिलेंडर नोंदवला का, लाइट बिल भरलं का, एवढ्या तीन प्रश्नांवर त्यांचा संसार चालला होता आणि तो बिनबोभाट चालला होता, हीच त्यातली गंमत.

मागच्या आठवड्यात तिने अंधेरीला एक खोली बघून ठेवली होती. मालकीणबाई रत्नप्रभा नावाच्या, एकट्या राहणाऱ्या, आतली खोली नोकरदार बाईला देणाऱ्या. तिचं खरं ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं होतं. मुलुंड ते अंधेरी रोजचा प्रवास झेपत नाही, असं प्रितमला सांगायचं तिने ठरवलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण बाई प्रवासाला कंटाळून नवऱ्याला सोडून राहायला जात नाही, हे दोघांनाही कळलं असतं. उद्या रविवारी, दुपारी जेवण झाल्यावर सांगायचं, आवराआवर व्हायच्या आधी. सांगताना आपला आवाज कसा असेल याचीही तिला उत्सुकता नव्हती.

फोन वाजला. श्रुतिकाचा होता. श्रुतिका बोरिवलीला राहायची, ऑफिसात चेतनाच्या हाताखाली होती आणि या कामात मुलाखतींच्या नोंदी घ्यायची.

‘वाट लागली यार,’ ती म्हणाली. ‘सहावा माणूस येत नाहीये. त्याच्याकडे पाहुणे आलेत म्हणे.’

काम होतं एकट्याने व्यायाम करणाऱ्या लोकांसाठीच्या अ‍ॅपचं. त्यांचा साहेब देवेश याच्या डोक्यातून निघालेली कल्पना होती. जिममध्ये माणसाला सोबत असते, बागेत हास्यक्लब असतो, पण घरात एकटा व्यायाम करणारा तिसऱ्या दिवशी सोडून देतो, कारण त्याला बघणारं कोणी नसतं, असं देवेशचं म्हणणं. तेव्हा आपलं अ‍ॅप त्याला बघेल. फोन समोर ठेवायचा, अ‍ॅप हालचाल टिपेल, माणूस ढिला पडला की ‘थांबू नका’ अशी हाक मारेल. एकट्याला एकटं वाटू द्यायचं नाही, हे वाक्य देवेश मीटिंगमध्ये इतक्या वेळा म्हणे की आता ते ऐकून कोणालाच काही वाटेनासं झालं होतं. हे सगळं खरंच लोकांना हवंय का, ते विचारायला सहा मुलाखती ठरल्या होत्या. पाच झाल्या होत्या. बोरिवलीच्या निवृत्त शिक्षिका रात्रीचं जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये फेऱ्या मारत आणि कोणी बघितलं की किल्ली हरवल्याचं नाटक करत. घाटकोपरचा एक तरुण फक्त दंडच कमवत होता, कारण फोटोत तेवढेच येतात. सहावी मुलाखत झाल्याशिवाय सोमवारी देवेशपुढे जाता येणार नव्हतं.

‘तुझ्या ओळखीत कोणी आहे का?’ श्रुतिकाने विचारलं.

चेतनाने बघते म्हणून फोन ठेवला. एवढ्यात बेडरूमचं दार उघडलं आणि प्रितम बाहेर आला. राखाडी टी-शर्ट, अर्धी चड्डी, हातात फोन. दार काही जाड नव्हतं, त्याने सगळं ऐकलं असावं. तो स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

‘मी बोलू का?’

‘कशाबद्दल?’

‘एकट्याने व्यायाम करणाऱ्यांबद्दल. करतो ना मी.’

कितीतरी दिवसांत त्याने काही मागितलं नव्हतं. चेतनाने त्याला सांगितलं की घरचं माणूस, मित्र, नातेवाईक चालत नाहीत. ओळखीचा माणूस आपल्याला बरं वाटेल असं बोलतो आणि मग सगळं काम वाया जातं. प्रितमने ऐकून घेतलं.

‘मग घरचा नाही असं सांग,’ तो म्हणाला.

तिने थोडा विचार केला. माणूस मिळत नव्हता आणि हा सगळ्या अटींमध्ये बसत होता. चाळिशीच्या आतला, नोकरी करणारा, घरात व्यायाम करणारा, नियमित, एकटा. शिवाय श्रुतिकाने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, नाव तेवढं ऐकलं होतं. खोटेपणा होता, पण असल्या खोटेपणाची टोचणी लागावी इतकं काही तिच्यात उरलं नव्हतं. तिने त्याला लिंक पाठवली. तो पुन्हा आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

स्क्रीनवर तिसरा चौकोन उघडला. नाव आलं, कुंडलिक. ते प्रितमच्या वडिलांचं. कॅमेरा बंद होता. नेट कमी आहे असं तो म्हणाला आणि चेतनाने चालेल म्हटलं. श्रुतिकाने तिला एकटीला संदेश टाकला, आवाज तर तरुण आहे, नाव काय पण ठेवलंय. प्रितमचा प्रत्येक शब्द तिला दोनदा ऐकू येत होता. आधी दारातून, मग पाठोपाठ हेडफोनमधून. बोलून झालं की आपला माइक बंद करायचा, नाहीतर श्रुतिकाला घुमल्यासारखं ऐकू येईल, एवढं भान तिने ठेवलं.

सुरुवातीचे प्रश्न सोपे असतात. कधीपासून व्यायाम करता, किती वेळ, कुठे. तो नीट उत्तरं देत होता, गोदामावर माल मोजून घ्यावा तसा. चेतना त्याला तुम्ही म्हणत होती, तो तिला मॅडम म्हणत होता. लग्न ठरलं तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर पहिल्यांदा बोलले होते तेव्हासुद्धा तो तिला तूच म्हणाला होता आणि त्यावरून तिच्या मावशीने नाक मुरडलं होतं.

‘घरात आणखी कोण असतं?’ तिने विचारलं. हा प्रश्न सगळ्यांना विचारायचाच होता.

‘मिसेस असते.’

‘त्या तुमच्याबरोबर व्यायाम करतात?’

‘नाही. ती बाहेर असते. तिचं काम असतं लॅपटॉपवर.’

‘तुम्ही कोणता व्यायाम करता, ते जरा सविस्तर सांगाल? आत गेल्यापासून काय काय करता, क्रमाने.’

इथे तो थांबला. मुलाखत घेताना समोरचा थांबला तर आपण बोलायचं नसतं. घाईने पुढचा प्रश्न टाकला की खरं उत्तर आत राहून जातं, हे चेतनाने श्रुतिकाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ती थांबली.

‘दार लावतो,’ प्रितम म्हणाला. ‘मॅट टाकतो. व्हिडिओ लावतो.’

‘मग?’

‘मग बसतो.’

‘बसून करायचे प्रकार करता?’

‘नाही मॅडम. नुसता बसतो. कपाटाला पाठ लावून.’

श्रुतिकाच्या टाइप करण्याचा आवाज थांबला. चेतनाने समोरच्या प्रश्नांच्या कागदावर बोट ठेवलं होतं. ते तिने तिथेच राहू दिलं.

‘रोज?’

‘रोज. पहिल्या दिवशी करायला गेलो होतो. दोन उठाबशा काढल्या. मग वाटलं, कशाला? तेव्हापासून बसतोच.’

‘मग व्हिडिओ कशासाठी लावता?’

‘नुसतं बसलं की लोक विचारतात, काय झालं. सारखं विचारतात. व्यायाम करतोय म्हटलं की कोणी विचारत नाही. उलट शाबासकी देतात. माझी आईसुद्धा देते.’ तो जरा हसल्यासारखा झाला. ‘आणि तो माणूस मोजत असतो ना. दहा झाले, वीस झाले. आपल्याला काही करावं लागत नाही आणि पुढे तर जात असतं सगळं. तेवढंच बरं वाटतं.’

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पार्किंगमध्ये किल्ली शोधण्याचं नाटक करणाऱ्या बाई चेतनाने एका वाक्यात ओळखल्या होत्या. लोक काय बोलतात ते ऐकू नका, काय करतात ते बघा, असं ती ऑफिसात नव्या मुलांना शिकवायची, त्याबद्दल तिला पगारवाढ मिळाली होती. आणि दीड वर्ष ती रोज तो राखाडी टी-शर्ट मशिनमध्ये टाकत होती. त्याला कधी घामाचा वास आला नव्हता. उन्हाळ्यातही नाही. तो तिने दोन बोटांनी उचलला होता, उलटा केला होता, झटकून वाळत घातला होता आणि तिला काही दिसलं नव्हतं.

तिने माइक चालू केला. पुढचा प्रश्न अ‍ॅपबद्दलचा होता. तो तिने कागदावर होता तसा वाचला. फोन समोर ठेवला की अ‍ॅप तुमची हालचाल टिपेल आणि तुम्ही थांबलात की आठवण करून देईल, असं असेल तर तुम्हाला आवडेल का?

‘म्हणजे मी हलत नाही हे त्याला कळणार?’

‘हो.’

‘मग नको,’ प्रितम म्हणाला. ‘तेवढ्यासाठी तर आत जातो मी.’

श्रुतिकाचा संदेश आला. हा बाद धरायचा ना? व्यायामच करत नाही हा. चेतनाने तो वाचला आणि झाकला. आता मुलाखत थांबवायला हवी होती. सगळे नियम तेच सांगत होते. पण तिने कागदावर नसलेला प्रश्न विचारला.

‘आत बसून रडता का?’

‘नाही. रडू येत नाही. काहीच येत नाही मला, मॅडम. आमच्याकडे एक गोष्ट झाली, त्यानंतर. मिसेसचं बरं आहे. ती कामाला लागली. प्रमोशन मिळालं तिला. ती बाहेर टाइप करत असते त्याचा आवाज येतो मला आत. मला वाटतं, चला, आपल्यातलं एक तरी सावरलं.’

चेतनाचे हात टेबलावर होते. ते तिने खाली मांडीवर घेतले. ती टाइप करत असायची हे खरं होतं. सकाळच्या त्या तासात ती बहुतेक वेळा एकच ओळ लिहायची, पुसायची आणि पुन्हा लिहायची. आपण एकट्याच मागे राहिलो असं तिला वाटत होतं, आणि तो दाराच्या पलीकडे तेच घेऊन बसला होता. हे कळल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं किंवा भडभडून यायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. फार दुरून कोणीतरी हाक मारतंय आणि आपलंच नाव आहे की काय ते कळत नाही, एवढंच काहीसं झालं.

‘त्यांनी कधी दार वाजवलं नाही?’

‘नाही. मी कडी लावत नाही तसा. पण नाही वाजवलं. चांगलंही वाटतं आणि वाईटही.’

शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असतो. तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का? लोक बहुतेक वेळा नाही म्हणतात, फार तर अ‍ॅप फुकट मिळेल का ते विचारतात. चेतनाने तो विचारला, कारण आता जिभेवर तोच होता.

‘विचारायचं नाही, सांगायचं आहे,’ प्रितम म्हणाला. ‘गुरुवारी एका बाईंचा फोन आला होता मला. रत्नप्रभा म्हणून. अंधेरीहून. म्हणाल्या, तुमच्या मिसेस आमच्याकडे राहायला येणार आहेत, लग्न झालेली बाई आहे म्हणून विचारून घेते. मिस्टरांची हरकत नाही ना?’

आवाज दोनदा येत होता. दारातून आणि कानातून. चेतनाला आठवलं, मालकीणबाईंनी माहिती लिहून घेताना विचारलं होतं, काही तातडीचं झालं तर कोणाला कळवायचं? आणि ज्या माणसाला सोडून ती तिथे चालली होती त्याचाच नंबर तिने घडाघडा सांगितला होता. दुसरा कोणाचा तिला पाठही नव्हता.

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘नाही म्हटलं. माझी काही हरकत नाही. स्वभावाने चांगली आहे, भाडं वेळेवर देईल. फक्त रात्री उशिरा जेवते, तेवढं बघा.’

चेतनाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. माइक बंद करायचा राहून गेला. ती खुर्चीतच वळली आणि दाराकडे बघून, रोजच्या आवाजात म्हणाली,

‘घ्यायची होतीस हरकत.’

टेबलावरच्या हेडफोनमधून श्रुतिकाने बारीक आवाजात काय गं, कोण, असं काहीतरी विचारलं आणि मग तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिने वाक्य अर्धंच सोडलं.

‘कुठल्या तोंडाने?’ दारामागून प्रितम म्हणाला. ‘दीड वर्ष आत बसलोय मी.’

श्रुतिका मुलाखतीतून बाहेर पडली. तिचा चौकोन मिटला. पाठोपाठ कुंडलिक या नावाचाही मिटला आणि स्क्रीनवर एकटी चेतना उरली, स्वतःच्याच तोंडाकडे बघत. लॅपटॉप तिने बंद केला.

असं काही घडलं की दार उघडावं, माणसांनी एकमेकांजवळ जावं, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. त्यांची बोलायची सवय मोडली होती आणि मोडलेली सवय एका वाक्याने परत येत नाही. चेतनाने उठून कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तेव्हा प्रितम बाहेर आला, ताटं घेतली, पाणी भरलं. जेवताना त्याने आमटीत मीठ कमी आहे म्हटलं आणि तिने मिठाची बरणी पुढे सरकवली. संध्याकाळी तो खाली भाजी आणायला गेला तो बराच वेळ आला नाही, आणि आला तेव्हा पिशवीत नुसती मेथी होती. ती निवडायला दोघं समोरासमोर बसले. तो पानं खुडत होता आणि ती काड्या वेगळ्या करत होती.

रात्री श्रुतिकाने लिहिलं, सॉरी यार, मला माहीत नव्हतं, सहाव्या मुलाखतीचं काय करू? चेतनाने बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं. बाद लिही, असं लिहायला बोट पुढे गेलं. मग तिने लिहिलं, असू दे ती. देवेशला म्हणावं, असाही एक माणूस आहे. आणि झोपायच्या आधी, कोणाला न विचारता, तिने अ‍ॅपमधून ‘थांबू नका’ची ती पाटी अख्खीच काढून टाकली. सोमवारी यावरून बोलणी खावी लागणार हे तिला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी प्रितम नेहमीच्या वेळी आत गेला. दार लागलं. मॅट पसरल्याचा आवाज आला, मग ट्रेनर बोलायला लागला, खांदे सैल सोडा, श्वास घ्या. चेतना गॅसपाशी उभी होती. आता आत कोणीही खांदे सैल सोडत नाही हे तिला माहीत होतं आणि हे तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं, तरी तो व्हिडिओ लावतच होता. त्याने दुसरं करावं तरी काय? दुपारी जेवण झाल्यावर सांगायचं असं तिने ठरवलेलं जे होतं, ते सांगायला आता काही उरलं नव्हतं. फक्त जायचं की नाही एवढंच उरलं होतं, आणि त्याने परवानगी देऊन टाकल्यामुळे तेही तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं.

फोन वाजला. रत्नप्रभाबाई होत्या. सामान केव्हा आणताय, विचारत होत्या. टेम्पो दुपारी आणा, सकाळी सोसायटीचा वॉचमन कटकट करतो. पाण्याची वेळ सांगितली. कपाटाची किल्ली करून ठेवली आहे, पडदे धुऊन लावले आहेत, असं बरंच सांगत राहिल्या. चांगल्या बाई होत्या. चेतना बोलत बोलत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बेडरूमच्या दारासमोर उभी राहिली.

‘बाई, मला नाही जमणार यायला,’ ती म्हणाली.

‘अहो, का? खोली तर आवडली होती तुम्हाला.’

‘खोली चांगली आहे. मिस्टरांची हरकत आहे.’

दुसऱ्या एखाद्या बाईने असं कारण दिलं असतं तर चेतनाने तिला चांगलंच सुनावलं असतं. पलीकडे रत्नप्रभाबाई क्षणभर गोंधळल्या.

‘असं कसं? मी स्वतः विचारलं होतं त्यांना. हरकत नाही म्हणाले ते.’

‘तेव्हा नव्हती,’ चेतना म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण उतरवलाही नाही. ‘आता आहे.’

पुरुषांचं हे असंच, आज एक उद्या एक, असं म्हणून रत्नप्रभाबाईंनी फोन ठेवला. आतला ट्रेनर पुढच्या सेटला सुरुवात करत होता. तिनापर्यंत मोजून झालं होतं, तेवढ्यात कोणीतरी त्याला बंद केलं.